‘युद्ध आणि शांती’ : चार भाग आणि मध्येच उठून गेलेले प्रेक्षक

पानगळ
आमच्या सोसायटीतल्या वाचनगटाने गेल्या वर्षी टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ ही कादंबरी जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत वाचली. कुणी ती इंग्रजीतून वाचत होते, कुणी हिंदीतून, आणि दर गुरुवारी जेवणे आटोपल्यावर आम्ही तासभर बोलत होतो. वाचन संपल्यावर सर्गेई बोंदार्चुक यांनी सोव्हिएत काळात केलेला चार भागांचा चित्रपट डिसेंबरच्या चार रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचे ठरले. पहिल्या रविवारी २४ माणसे आली, दुसऱ्या रविवारी १५, तिसऱ्या रविवारी ८ आणि शेवटच्या रविवारी ७. अकरा महिने नेटाने कादंबरी वाचणारी माणसे सात तासांच्या चित्रपटाला कंटाळली, याचे मला वाईट वाटले आणि ते अजून गेलेले नाही.

त्यानंतर या चित्रपटाविषयी वाचत असताना कळले की खुद्द सोव्हिएत संघातही असेच घडले होते. पहिल्या भागाची सुमारे ५ कोटी ८० लाख तिकिटे विकली गेली, दुसऱ्याची ३ कोटी ६२ लाख, तिसऱ्याची २ कोटी १० लाख आणि चौथ्याची जवळपास १ कोटी ९८ लाख. ज्या देशात ही कादंबरी शाळेत शिकवतात, तिथेही पहिल्या भागाचे तीनातले दोन प्रेक्षक शेवटपर्यंत पोचले नाहीत. म्हणून इथे विचारावेसे वाटते की असा प्रेक्षक नेमका कशाकडे पाठ फिरवतो? चित्रपटाकडे, कादंबरीकडे, की स्वतःच्या मनातल्या कादंबरीशी जे जुळत नाही त्याकडे? तुमचे अनुभव कृपया सविस्तर लिहा.

दक्षिणवारा
पानगळ, आकडे बरोबर आहेत, पण त्यांच्या शेजारी तारखाही ठेवायला हव्यात. पहिला भाग मार्च १९६६ मध्ये सर्वत्र लागला आणि दुसरा जुलै १९६६ मध्ये. तिसरा मात्र थेट जुलै १९६७ मध्ये आला आणि चौथा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. म्हणजे कादंबरीची नायिका नताशा अनातोल नावाच्या उडाणटप्पू तरुणाच्या नादी लागून सैन्यातल्या आंद्रेशी ठरलेले लग्न मोडून बसली आहे, त्या ठिकाणी प्रेक्षकाला सोडून पुढचे वर्षभर त्याला काहीच दाखवलेले नाही. इतक्या खंडानंतर माणसाला उठून पुन्हा रांगेत उभे राहायचा उत्साह वाटला नाही, तर त्यात कादंबरीचा किंवा दिग्दर्शकाचा दोष किती आणि वितरणाचा किती, हे वेगवेगळे पाहिले पाहिजे.

दुसरे असे की मला गळतीपेक्षा शेवटचे दोन आकडे अधिक बोलके वाटतात. ज्यांनी तिसरा भाग पाहिला, त्यांतल्या बहुतेकांनी चौथाही पाहिला असणार. तुमच्या हॉलमध्येही आठांतले सात टिकले. एका टप्प्यानंतर जो थांबतो तो थांबतोच, असे यातून दिसते, आणि असा प्रेक्षक थोडा असला तरी मला मोठा वाटतो.

अबोली
माझ्या आईने ही कादंबरी वाचलेली नाही. दोन वर्षांपूर्वी मी हा चित्रपट घरी पाहत होते, तेव्हा ती शेंगा सोलत शेजारी बसली होती आणि अधूनमधून मान वर करून ‘हा कोण’ असे विचारत होती. दुसऱ्या भागात नताशाचा पहिला नृत्यसमारंभ आला आणि आईचे हात थांबले. नताशा पांढऱ्या पोशाखात भिंतीशी उभी आहे, जोड्या तिच्यासमोरून फिरत निघून जात आहेत, आणि तिला कुणीही नाचायला बोलावत नाही. तिचा चेहरा रडण्याच्या बेतात आहे, पण ती हसरा ठेवायची धडपड करते आहे. आई एकदम म्हणाली, ‘अगं, हिला कुणी विचारत कसं नाही?’ मग ती शेंगांचे ताट बाजूला ठेवून म्हणाली की आमच्या वेळी पाहुणे बघून जायचे आणि पुढे पंधरा दिवस निरोपाची वाट पाहताना घरातल्या सगळ्यांसमोर असाच चेहरा ठेवावा लागायचा.

पुढे आंद्रे येऊन नताशाला हात देतो तेव्हा आईने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. तिने त्यानंतर उरलेला चित्रपट माझ्याबरोबर पूर्ण पाहिला. त्यामुळे कादंबरी वाचलेलाच प्रेक्षक योग्य, असे म्हणायला माझे मन तयार होत नाही.

सांजवेळ
अबोलीताई, तुमच्या आईंचा प्रसंग वाचून डोळे भरून आले. नताशाची भूमिका करणाऱ्या लुदमिला सावेल्येवा मूळच्या लेनिनग्राडच्या बॅले नर्तिका होत्या आणि त्यांना चित्रपटाचा अनुभव नव्हता. त्या उभ्या राहण्यातला अवघडलेपणा इतका खरा का वाटतो, याचे उत्तर कदाचित इथे असेल.

माझी तक्रार आंद्रेचा मित्र पिएर याच्याविषयी आहे आणि मी ती मनापासून करतो आहे, कारण पिएर हे माझे सर्वांत जवळचे पात्र आहे. कादंबरीच्या सुरुवातीला, म्हणजे १८०५ च्या जुलैत, तो विशीतला, नुकताच परदेशातून परतलेला, अंगाने आडदांड आणि मनाने गोंधळलेला मुलगा आहे. बोंदार्चुक यांनी ही भूमिका स्वतः केली आणि चित्रीकरण सुरू झाले तेव्हा ते बेचाळिशीत होते. पिएर दारूच्या नशेत वाटेल ते करतो, एलेनच्या रूपाला भुलून लग्न करतो, पिस्तूल नीट धरता येत नसताना दोलोखोव्हला द्वंद्वयुद्धाचे आव्हान देतो. हे सारे आपण त्याला माफ करतो, कारण तो कोवळा आहे. तेच चाळिशीच्या माणसाने केले की त्याच्याविषयी माया वाटण्याऐवजी थकवा वाटतो. माझ्यापुरते सांगायचे तर मी पहिल्यांदा हा चित्रपट या एका कारणाने पहिल्या भागानंतर सोडला होता.

कोरांटी
सांजवेळ, वयाचा मुद्दा मान्य केला तरी नेपोलियनशी झालेल्या १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईत, रणांगणावर पांढरी हॅट घालून, चष्मा सावरत हिंडणारा तो पिएर मला दुसऱ्या कुठल्याही चेहऱ्याने दिसत नाही.

मध्यंतर
वयाचे म्हणाल तर १९५६ च्या अमेरिकी चित्रपटात पिएर झालेले हेन्री फोंडा पन्नाशीचे होते. किंग व्हिडोर यांचा तो साडेतीन तासांचा चित्रपट आता फारसा कुणी पाहत नाही, पण या धाग्यात त्याचा उल्लेख व्हायलाच हवा, कारण त्याच्याविना बोंदार्चुक यांचा चित्रपट बहुधा झालाच नसता. तो १९५९ मध्ये सोव्हिएत संघात दाखवला गेला आणि तिथे तीन कोटींहून अधिक लोकांनी तो पाहिला. ऑड्री हेपबर्न यांची नताशा तिथल्या प्रेक्षकांना मनापासून आवडली. आपली कादंबरी अमेरिकेने आधी पडद्यावर आणली ही बोच, आणि १९६२ मध्ये येणारे बोरोदिनोच्या लढाईचे दीडशेवे वर्ष, या दोन्हींतून आपला स्वतःचा चित्रपट झाला पाहिजे अशी मागणी पुढे आली.

म्हणजे पहिल्या भागाला आलेले ते ५ कोटी ८० लाख लोक रिकाम्या मनाने आलेले नव्हते. त्यांच्या मनात शाळेत वाचलेली एक नताशा होती आणि सात वर्षांपूर्वी पडद्यावर पाहिलेली दुसरी. तिसरी नताशा पाहायला आलेला प्रेक्षक तुलना करणार, हे उघड आहे. तरीही तिथल्या ‘सोव्हिएत स्क्रीन’ या चित्रपटविषयक नियतकालिकाच्या वाचकांनी १९६६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून हाच निवडला, आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री व अभिनेता म्हणून सावेल्येवा आणि आंद्रे झालेले व्याचेस्लाव तिखोनोव्ह यांना मते दिली. तेव्हा प्रेक्षक घटले म्हणून त्यांनी चित्रपट नाकारला, असा निष्कर्ष काढायची घाई आपण करू नये.

वळीव
मी सत्तरच्या दशकात मॉस्कोच्या पॅट्रिस लुमुंबा विद्यापीठात शिकत होतो. त्या वर्षांतली एक आठवण या धाग्यासाठी लिहितो.

वसतिगृहाच्या सामायिक खोलीतल्या टीव्हीवर एका हिवाळ्यात हा चित्रपट दाखवला गेला. माझी रशियन भाषा तोवर कामापुरती झाली होती. शेजारी बसलेला माझ्या खोलीतला रशियन मित्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता आणि साहित्याचे नाव काढले की तो उठून जात असे. नेपोलियनविरुद्धच्या ऑस्टरलिट्झच्या लढाईत जखमी झालेला आंद्रे पाठीवर पडून वरचे उंच आकाश पाहतो, तो प्रसंग आला आणि मला माझ्या कानाशी पुटपुटणे ऐकू येऊ लागले. पडद्यावरचा आवाज आणि याचे ओठ एकाच वेळी तीच वाक्ये म्हणत होते. पहिल्या भागाच्या शेवटी जुन्या ओकच्या झाडाचा प्रसंग आला तेव्हा खोलीतले आणखी तीन-चार जण तसेच पुटपुटू लागले. नंतर त्याने सांगितले की हे दोन उतारे शाळेत प्रत्येकाला तोंडपाठ करावे लागतात आणि चुकले की बाई उभे करतात. आपल्याकडे पसायदान लागले की ओठ आपोआप हलू लागतात, तसेच ते होते.

तेव्हापासून मला वाटत आले आहे की रशियन प्रेक्षकाची अपेक्षा आपल्यापेक्षा वेगळी असते. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते. आपले वाक्य कसे म्हटले जाते, आपले झाड कसे दिसते, एवढेच पाहायला तो येतो. ते एकदा पाहून झाले की त्याचे समाधान होते, आणि पुढचे भाग चुकवले म्हणून आपण काही सोडून दिले, असे त्याला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. १९६६ च्या प्रेक्षागृहात बसलेल्या मोठ्या माणसांपैकी फार थोड्यांच्या घरात महायुद्धात कुणी दगावले नसेल. बोंदार्चुक स्वतः लाल सैन्यातून लढले होते. शत्रू मॉस्कोकडे सरकतो आहे, लोक घरदार सोडून गाड्या भरत आहेत, नताशाचे रोस्तोव्ह कुटुंब आपले सामान उतरवून त्या गाड्या जखमी सैनिकांना देते आहे, हे त्यांच्या दृष्टीने १८१२ चे दृश्य नव्हते. माझ्या त्या मित्राच्या आजीने पहिले दोन भाग पाहिले होते आणि पुढचे पाहायला ती गेली नाही, एवढेच त्याने मला सांगितले. कारण त्याने तिला विचारले नव्हते आणि मीही त्याला विचारले नाही.

अबोली
वळीवकाका, तुमच्या या शेवटच्या परिच्छेदामुळे मला मूळ प्रश्नच निराळा दिसू लागला. न येणाऱ्याला आपण कंटाळलेला धरून चाललो होतो.

दूरदेशी
मी न्यू जर्सीत राहतो. मॉस्कोच्या मॉसफिल्म स्टुडिओने दुरुस्त केलेली या चित्रपटाची नवी प्रत २०१९ मध्ये न्यूयॉर्कला मोठ्या पडद्यावर आली, तेव्हा मी आणि माझी पत्नी चारही भाग एका शनिवार-रविवारात पाहून आलो. मूळचे चित्रीकरण ७० मिलिमीटरच्या फिल्मवर झाले होते, पण ती मूळ फिल्म इतकी खराब झाली होती की दुरुस्तीसाठी इतर प्रतींचा आधार घ्यावा लागला. तरीही जे दिसले ते मी टीव्हीवर पाहिलेल्या चित्रपटाहून वेगळे होते.

तिसऱ्या भागात बोरोदिनोची लढाई सुरू असताना कॅमेरा रणांगणावर ताणलेल्या तारेवरून धावत जातो. खाली धूर, घोडे, तोफा, पडलेली माणसे सरकत राहतात आणि ते थांबतच नाही. घरच्या पडद्यावर ही माणसे मुंग्यांएवढी होतात आणि नजर त्यांच्यावरून घसरते. तिथे मात्र प्रत्येक ठिपक्याला हातपाय होते. सबंध प्रेक्षागृहात कुणी खोकतही नव्हते. पानगळ, तुमच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर होता तरी भिंतीवर किती मोठे चित्र पडत होते आणि आवाज कसा होता, हे विचारावेसे वाटते, कारण हा चित्रपट ज्या आकारात पाहण्यासाठी केला त्यापेक्षा लहान आकारात पाहणे म्हणजे भित्तिचित्र टपालाच्या तिकिटावर पाहण्यासारखे आहे.

दोन भागांच्या मधल्या सुटीत बाहेर बाकांवर सगळे आपापले डबे उघडत होते. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. शेजारच्या वृद्ध रशियन बाईंनी एक दशमी घेतली आणि आम्हाला लोणच्याची काकडी दिली. त्या म्हणाल्या की मुलगी म्हणून पाहिला तेव्हा त्यांना फक्त नताशा दिसली होती आणि आता नताशाच्या आईवरून, रोस्तोव्ह काकूंवरून, त्यांची नजर हलत नाही.

दक्षिणवारा
दूरदेशी यांच्या अनुभवाला जोडून एक दुरुस्ती. आपल्याकडे या चित्रपटाविषयी लिहिताना ‘१,२०,००० सैनिक वापरले’ हे वाक्य हटकून येते. बोंदार्चुक यांनी स्वतःच पुढे ही अतिशयोक्ती असल्याचे सांगून खरा आकडा १२,००० च्या आसपास असल्याचे म्हटले होते. तो आकडाही छाती दडपवणारा आहे. खरे पाहता मला लढाईइतकेच त्या नृत्यसमारंभाचे चित्रीकरण थक्क करते. नाचणाऱ्या जोड्यांमधून वाट काढण्यासाठी छायालेखक पायांत चाकांचे बूट घालून कॅमेरा हातात घेऊन फिरले. अबोलीताईंच्या आईंना आपणच त्या दालनात उभ्या आहोत असे वाटले असेल, तर त्यामागे ही कसरत आहे.

कोरांटी
मला एक साधी अडचण सांगायची आहे. चित्रपटात सलोनमधली, म्हणजे उमरावांच्या दिवाणखान्यातल्या बैठकीतली मंडळी फ्रेंच बोलू लागली की वरून एक पुरुषी आवाज त्याचे रशियन भाषांतर सांगतो, आणि त्याखाली इंग्रजी सबटायटल धावत असतात. तीन भाषांच्या त्या गर्दीत माझे अर्धे लक्ष वाचण्यातच गेले. पहिल्या भागातला पहिला अर्धा तास मी चेहरे पाहिलेच नाहीत, असे म्हटले तरी चालेल.

वळीव
कोरांटी, ती अडचण खरी आहे, पण ते फ्रेंच काढून टाकता आले नसते. कादंबरीचे पहिले वाक्यच फ्रेंचमध्ये आहे. नेपोलियनला शिव्या देणारे हे सरदार त्या शिव्या नेपोलियनच्या भाषेत देतात, हे टॉलस्टॉयला दाखवायचे होते. पुढे मॉस्कोवर संकट आल्यावर हीच मंडळी रशियन बोलायला शिकवणी लावू लागतात. बोंदार्चुक यांनी भाषांतराचा तो सपाट आवाज ठेवल्यामुळे सलोनमधल्या बोलण्यातला कोरडेपणा अधिकच जाणवतो, असे माझे मत आहे.

त्याच्या उलट टोकाचा प्रसंग म्हणजे शिकारीनंतर काकांच्या लाकडी घरात नताशा नाचते तो. काका गिटार छेडतात, नताशा अंगावरची शाल टाकून देते, कमरेवर हात ठेवते आणि खांद्यांची एक हालचाल करते. फ्रेंच शिक्षिकेच्या हाताखाली वाढलेल्या या मुलीने ती हालचाल कुठून उचलली, असा प्रश्न टॉलस्टॉय तिथे विचारतो. सावेल्येवा बॅले शिकलेल्या असूनही तिथे बॅले दिसत नाही. हे किती कठीण आहे, ते नाचणाऱ्यांना विचारावे.

सांजवेळ
मूळ प्रश्नाकडे वळण्याआधी २०१६ च्या बीबीसी मालिकेविषयी थोडे लिहितो. सहा भागांची ती मालिका मी सलग पाहिली आणि पॉल डेनो यांचा पिएर पाहून माझी जुनी तक्रार मिटली. त्याचे खांदे वाकलेले आहेत, हातांचे काय करावे हे त्याला कळत नाही, आणि सगळ्यांवर त्याचा एकदम विश्वास बसतो. मात्र एलेन आणि अनातोल या भावाबहिणींविषयी कादंबरीत जे सूचित आहे, ते तिथे उघड दाखवले गेले, आणि त्यावरून ब्रिटनमध्येच बरीच चर्चा झाली. मलाही ते खटकले. टॉलस्टॉय जिथे पडदा ओढतो तिथे तो का ओढतो, याचा विचार रूपांतर करणाऱ्याने केला पाहिजे.

मध्यंतर
सूचित आणि उघड यांच्यावरून आठवले. दस्तयेव्हस्कीच्या ‘इडियट’वर मणी कौल यांनी हिंदीत ‘अहमक’ केला आणि ती कथा सरळ मुंबईत आणून ठेवली. मी तो पाहिला तेव्हा पहिला तासभर बिचकलो होतो. नंतर लक्षात आले की त्यांनी प्रेक्षकाला रशिया दाखवायचा प्रयत्नच केलेला नाही, त्यामुळे माझ्या मनातले रशियाचे चित्र आणि पडद्यावरचे चित्र यांचे भांडण झाले नाही. बोंदार्चुक यांच्यापुढे तो मार्ग नव्हता. त्यांना तोच देश, तीच माणसे, त्याच लोकांना दाखवायची होती. चाळीसहून अधिक संग्रहालयांनी जुने सामान, कपडे, भांडी चित्रीकरणासाठी दिली होती. ज्या प्रेक्षकाच्या घरी पणजीचा समोवार, म्हणजे चहासाठी पाणी तापवायचे भांडे, आहे, त्याला खोटा समोवार लगेच ओळखू येतो.

अबोली
एक प्रश्न मला टोचतो आहे. कादंबरीच्या उपसंहारात नताशा लग्नानंतर जाडजूड, मुलांच्या दुपट्यांत रमलेली, गाणे सोडून दिलेली अशी दिसते. मी ते वाचले तेव्हा टॉलस्टॉयचा फार राग आला होता. चित्रपटात तो उपसंहार नाही. नताशाचा भाऊ निकोलाय आणि आंद्रेची बहीण मारिया यांची कथाही जवळजवळ गेली आहे. हे प्रेक्षकावर केलेले उपकार आहेत, की आपल्याकडून काही काढून घेतले आहे?

वळीव
अबोलीताई, माझ्या मते काढून घेतले आहे. नृत्यसमारंभातली नताशा सर्वांना हवी असते, पण टॉलस्टॉयला ती तिथे सोडायची नव्हती. त्याला तिच्या आयुष्याची पुढची वर्षे दाखवायची होती, मग ती आपल्याला आवडोत की न आवडोत. तुमचा राग त्याने ओढवून घेतला, यात त्याचा प्रामाणिकपणा आहे.

तरीही उपसंहार पूर्ण गेलेला नाही, हे मी आवर्जून सांगेन. चित्रपटाच्या अगदी आरंभी आणि अगदी शेवटी एक विचार ऐकू येतो. वाईट माणसे एकत्र येऊन बळ निर्माण करतात, तर चांगल्या माणसांनीही तेवढेच करायला हवे, आणि हे किती साधे आहे. हे पिएरचे शब्द त्याच उपसंहारातले आहेत. सबंध उपसंहार वगळून दिग्दर्शकाने त्यातून एवढेच उचलले आणि चित्रपटाच्या दोन्ही टोकांना बांधले. ज्याने कादंबरी शेवटपर्यंत वाचली आहे, त्याला पहिल्याच मिनिटाला शेवट ऐकू येतो.

अबोली
काका, मला हे लक्षातच आले नव्हते. तरी मी माझे म्हणणे सोडत नाही. गाणे सोडलेली नताशा दाखवायची तर सावेल्येवा यांच्यासारख्या अभिनेत्रीला त्यासाठी अर्धा तास मिळायला हवा होता. दोन मिनिटांत उरकण्यापेक्षा वगळले ते बरे झाले.

पानगळ
सर्वांचे मनापासून आभार. दूरदेशी, आमच्या हॉलच्या भिंतीवर जेमतेम सात फूट रुंदीचे चित्र पडत होते आणि बोरोदिनोच्या वेळी शेजारच्या मैदानात लग्नाची वरात चालली होती, तेव्हा तुमचे म्हणणे पटते.

वळीवकाकांचे उत्तर वाचल्यावर मी ठरवले की न आलेल्यांना जाऊन विचारायचे. गेल्या दोन आठवड्यांत जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, लिफ्टमध्ये जमेल तसे नऊ जणांशी बोललो. चौघांना नावांनी छळले. एकाच माणसाला कुणी पिएर म्हणतो, कुणी प्योत्र किरिलोविच म्हणतो, कुणी काउंट बेझुखोव्ह म्हणतो, आणि पुस्तकात मागे पान उलटून पाहता येते तसे इथे करता येत नाही. दोघींना सबटायटल वाचताना डोळ्यांचा त्रास झाला. एका काकूंनी कोरांटी यांच्यासारखीच तीन आवाजांची तक्रार केली. एकाने सांगितले की त्याच्या मनातला आंद्रे बुटका होता, जसा टॉलस्टॉयने लिहिला आहे, आणि तिखोनोव्ह फार देखणे व उंच वाटले.

नववे गृहस्थ आमच्या गटातले सर्वांत ज्येष्ठ आहेत. त्यांनी ही कादंबरी आयुष्यात तीन वेळा वाचली आहे आणि दर गुरुवारी तेच आम्हाला पुढे ओढत होते. पहिले दोन भाग त्यांनी पहिल्या रांगेत बसून पाहिले, नंतर ते आले नाहीत. मला वाटले होते की त्यांना चित्रपट आवडला नाही. त्यांनी दार उघडून मला आत बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, ‘पुस्तकात आंद्रे मरतो तेव्हा मी पान मिटून गच्चीवर जाऊन येतो. तिकडे तुम्ही सगळे बसलेले असताना मला उठता आले नसते.’

सांजवेळ
पानगळ, त्यांना माझा नमस्कार सांगा.

दक्षिणवारा
पानगळ, मी पहिल्या उत्तरात वितरणाच्या तारखा मांडल्या, त्या मला अजूनही महत्त्वाच्या वाटतात. पण त्या दोन कोटी आणि सहा कोटींच्या मधल्या माणसांत तुमच्या या काकांसारखे किती असतील, हे कुठल्याच तिकीटविक्रीतून कळणार नाही. तुम्ही शेवटचे दोन भाग पुन्हा दाखवा, असे सुचवतो. पडदा भाड्याने मिळत असेल तर पाहा आणि दोन्ही भाग एकाच दिवशी ठेवा. तिसरा ८२ मिनिटांचा आहे आणि चौथा ९७ मिनिटांचा, मध्ये चहा ठेवला तरी चार तासांच्या आत सगळे आटोपते.

कोरांटी
आणि दाराशी पात्रांची नावे लिहिलेला मोठा कागद लावा, प्योत्र किरिलोविचसकट.

पानगळ
उशिरा लिहितो आहे. दक्षिणवारा यांनी सुचवले तसे आम्ही मागच्या रविवारी केले. पडदा मिळाला, कोरांटी यांचा कागद दाराशी लावला, आणि एकूण तेरा माणसे आली. ज्येष्ठ गृहस्थांना मी आधीच सांगितले होते की दाराजवळची खुर्ची त्यांच्यासाठी ठेवली आहे आणि त्यांनी हवे तेव्हा उठावे. ते आले. बोरोदिनो त्यांनी पुढे झुकून, गुडघ्यांवर हात ठेवून पाहिले. चहाच्या वेळी ते कुणाशी बोलले नाहीत.

चौथ्या भागात जखमी आंद्रेच्या उशाशी नताशा येऊन बसली, तेव्हा ते सावकाश उठले आणि बाहेर गेले. दाराच्या फटीतून मला त्यांची सावली कठड्याशी दिसत होती. काही वेळाने त्यांनी दार थोडेसे लोटून मला हळू आवाजात विचारले, ‘झालं का?’ मी मान हलवली. ते आत येऊन बसले आणि पुढे कैदेतला पिएर रात्री आकाशाकडे पाहून, माझ्या अमर आत्म्याला हे कसे कोंडतील, असे म्हणत मोठ्याने हसू लागला, तेव्हा त्या हसण्याच्या बरोबरीने तेही हसले.